जरा उजळ करा

आपल्याकडे माणूस पुरेसा मोठा होऊन गेला की त्याचं तैलचित्र होतं. नगरवाचनालयाचं सभागृह, सहकारी बँकेतली संचालकांची खोली, जुन्या हायस्कुलाचा हॉल, कुठंही मान वर करून बघा. सोनेरी चौकटीत, भिंतीपासून थोडे पुढं झुकवून टांगलेले देणगीदार, संस्थापक, कारखान्याचे पहिले चेअरमन. गळ्यात चंदनाच्या ढलप्यांचा हार. वर ट्यूबलाइट, आणि तिचा उजेड व्हार्निशवर असा पडलेला की चेहरा बघायचा तर दोन खुर्च्या बाजूला सरकून बसावं लागतं. सत्कारसमारंभांतली कितीतरी लांबलेली भाषणं मी या चित्रांच्या जिवावर काढली आहेत. हाताची बोटं कशी खुबीनं टाळलीत, कोटाची बटणं किती मन लावून केलीत, उपरण्याची जर दुसऱ्याच कुणाच्या हातची तर नाही ना, हे बघण्यात तास सहज जातो.

या चित्रांतली एक गोष्ट मात्र फार उशिरा ध्यानात आली. त्यांत सगळे गोरे आहेत. जन्मभर बांधाबांधानं हिंडलेला, उन्हात सभा घेऊन रापलेला माणूसही चौकटीत गेला की गुलाबी गालांचा होतो. कारण शोधायला लांब जायला नको. बहुतेक चित्रं फोटोवरून झालेली. फोटो स्टुडिओतला, कृष्णधवल, समोरून दिवा मारलेला. म्हणजे सावली जवळपास नाहीच, आणि रंग चित्रकारानं पदरचा घालायचा. त्यात त्याच्या पाठीशी उभा राहिलेला मुलगा किंवा जावई म्हणालेला असतो, बाकी सगळं झकास, फक्त जरा उजळ करा. पैसे देणाराच तो. चित्रकार काय करणार?

मी पोर्ट्रेट शिकायला लागले ती नोकरीतून मोकळी झाल्यावर. कोल्हापुरात राहून हे सुचायला इतका उशीर व्हावा याचं नवलच. या गावात तालमी जितक्या, तितके पेंटर. शाहू महाराजांच्या पदरी असलेले आबालाल रहिमान इथले. बाबूराव पेंटर इथले. त्यांना लोक सिनेमामुळं ओळखतात, पण त्यांच्या तैलचित्रांपुढं उभं राहिलं की सिनेमा हा त्यांचा जोडधंदा असावा असं वाटायला लागतं. एम. व्ही. धुरंधर इथं जन्मले, मुंबईला जाऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढं तिथंच शिकवायला राहिले.

आमचा वर्ग एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरतो. जिना अंधारा, पाणी खालून आणायचं, पण उत्तरेकडं मोठी खिडकी आहे आणि तेवढ्यासाठी सरांनी ती माडी धरून ठेवली आहे. उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही; येतो तो नुसत्या आभाळाचा उजेड. तो थंड असतो आणि सकाळपासून दुपारपर्यंत फारशी जागा बदलत नाही, त्यामुळं चेहऱ्यावरची सावली पळत नाही. हे सगळं युरोपातल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य डोक्यावरून उत्तरेला कलतो आणि त्याच खिडकीतून तिरीप आत येते, हे त्यांत नसतं. तेव्हा आम्ही धोतराचा जुना पांढरा पन्हा खिळ्यांवर ताणून बसवतो.

सगळ्यांना आधी पाहिजे असतं साम्य. समोरचा माणूस ओळखू आला पाहिजे, या एका धास्तीनं शिकाऊ माणूस पहिल्यांदा डोळे काढायला घेतो, पापण्यांसकट. सर म्हणतात, “साम्य येतंच हो. ते शेवटी येतं. आधी डोकं आणा.” डोकं म्हणजे एक घन वस्तू, जिच्या एका बाजूला उजेड आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. डोळे किलकिले करून बघायचं. पापण्या मिटत आल्या की बारीकसारीक सगळं गळून पडतं, सुरकुत्या जातात, भुवया जातात, आणि उरतात फक्त दोन भाग. कान कुठल्या भागात जातो? नाकाखालची पन्हळ कुठं मोडते? हनुवटीची कड उजेडात संपते की सावलीत? याचा निकाल लागल्याशिवाय पुढं जायचं नाही. सावलीच्या आतसुद्धा पुष्कळ काही दिसत असतं, पण ते दिसतंय म्हणून काढायचं नाही, हे अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

कॅनव्हास पांढरा ठेवत नाहीत. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रॉ अंबर त्यावर फासून चिंधीनं पुसून घेतात, म्हणजे खाली मातकट, मधला टोन उरतो. सरांनी पहिल्यांदा कारण सांगितलं तेव्हा मला सभागृहातली सगळी चेअरमन मंडळी आठवली. पांढऱ्याफेक कॅनव्हासवर कुठलाही रंग ठेवा, तो काळाच वाटतो, आणि माणूस भिऊन फिकं फिकं लावत सुटतो. म्हणजे उजळ करण्याची खोड कॅनव्हासच लावतो. जावयाचा नंबर त्यानंतरचा.

मग सावली घालायची ती पातळ, अंबर आणि बर्न्ट सिएना मिसळून, खालचं कापड जाणवेल इतकी. पांढऱ्याचा त्यात थेंबही नको. उजेडाचा भाग जाड रंगात, पांढरा मिसळलेला, ब्रशच्या केसांचे माग राहतील असा. शास्त्रशुद्ध तैलचित्राची अर्धी गंमत या एका भेदात आहे: सावलीतून नजर आत जाते आणि उजेडावर ती अडते. जुन्या डच चित्रकारांची नाकाच्या शेंड्यावरची रंगाची गाठ बोटाला लागेल इतकी उंच असते, आणि शेजारची अंधारी बाजू नुसती पुसल्यासारखी.

अडचण खरी सुरू होते ती कातडीच्या रंगापाशी. दुकानात ‘फ्लेश टिंट’ नावाची तयार ट्यूब मिळते. तिच्यात भरलेला फिका गुलाबी रंग मी कोल्हापुरात कुणाच्याही अंगावर पाहिलेला नाही. पुस्तकांतल्या कृतीही तशाच घराण्यातल्या. चौदाव्या शतकातले इटालियन चित्रकार चेहऱ्याखाली हिरव्या मातीचा रंग देत आणि त्यावर गुलाबी चढवत. चेन्निनो चेन्निनीनं ही रीत सविस्तर लिहून ठेवली आहे. सहाशे वर्षांत काही चित्रांवरचा गुलाबी उडाला आणि तिथल्या माता मेरी आज हिरवट दिसतात. गोऱ्या माणसाच्या कातडीखालच्या शिरांची हिरवी-निळी झाक मारते, म्हणून ती रीत त्यांना सापडली असणार. आपल्या रंगाचं काय?

सरांनी आम्हाला चार रंग हातात दिले. पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि आयव्हरी ब्लॅक. आंडर्स झोर्न नावाच्या स्वीडिश चित्रकाराच्या नावानं हे चार रंग ओळखले जातात. निळा त्यांत नाही. तरी काळ्यात पांढरा मिसळून तो राखी रंग ऑकर-लाल मिश्रणाशेजारी ठेवला की चक्क निळा दिसतो. बर्फाळ मुलुखातल्या माणसानं आपल्या लालबुंद गालांच्या लोकांसाठी वापरलेले हे चार रंग जोतिबाच्या यात्रेहून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यालाही पुरतात, फक्त प्रमाण उलटं करावं लागतं. ऑकर आणि लाल आधी, काळा त्याला दबवायला, आणि पांढरा अगदी शेवटी, हात आखडता घेऊन. कारण पांढरा रंगाला नुसतं उजळ करत नाही, थंडही करतो. तपकिरीत पांढरा वाढवत गेलं की उजेड येतच नाही, राख येते. आमच्या वर्गात त्याला ‘चुना झाला’ म्हणतात. उजळ पाहिजे असेल तर थोडा ऑकर, चिमूटभर लाल, आणि मग पांढरा. हे कळलं की सभागृहातल्या चेहऱ्यांवर ती पावडर कुठून आली तेही कळतं.

आमच्यासमोर बसायला मंडईतल्या एक आक्का येतात. लिंबं, मिरच्या, कोथिंबीर विकतात. सकाळचा बाजार उरकला की येतात, तासाचे पैसे घेतात आणि पाठ ताठ ठेवून अशा बसतात की आर्ट स्कुलातले मॉडेल लाजावेत. खुर्चीच्या पायांभोवती आणि त्यांच्या पावलांभोवती खडूनं खुणा करून ठेवतो, म्हणजे मधे उठून चहा घेतला तरी परत त्याच जागी बसता येतं.

त्यांच्या कपाळाकडं मी कितीतरी वेळ बघत असते. लांबून नुसतं सावळं, डोळे किलकिले केले तर एकसंध तांबूस तपकिरी. पण खिडकीकडच्या बाजूला, भुवईच्या जरा वर, जिथं घामानं कातडी तुकतुकीत झालेली असते, तिथं पडलेला उजेड पांढरा नसतो. तो निळसर राखाडी असतो, कारण तिथं सरळ आभाळच उमटलेलं असतं. गोऱ्या कातडीवर हा निळा विरून जातो, आक्कांच्या कपाळावर तो लखलखीत दिसतो. गालाच्या हाडावर बर्न्ट सिएना, त्यात किंचित लाल. ओठांच्या भोवती जांभळट. जबड्याच्या खाली, जिथं मला वर्षानुवर्षं काळाच रंग दिसला असता, तिथं पोपटी लुगड्याचा उजेड खालून उसळून आलेला असतो आणि ती सावली शेवाळी होऊन जाते. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण आहे. ते वरून निळं काढलं की डाग पडल्यासारखं दिसतं. शेजारच्या कातडीहून जेमतेम गडद आणि जरासं थंड ठेवलं की आपोआप कातडीखाली जाऊन बसतं. इटालियन लोकांची हिरवी माती मला सापडली ती इथं.

गडद रंगाच्या माणसात रंग कमी असतात, असं माझ्या मनात कुठंतरी होतं. शाळेत सगळ्यांनाच ‘स्किन कलर’चा खडू एक आणि तो फिका, त्याचा हा परिणाम असावा. प्रत्यक्षात जितकी कातडी गडद, तितकं आजूबाजूचं तीत जास्त उमटतं.

एकदा चहाच्या वेळी आक्का उठून माझ्या इझलमागं आल्या. लुगड्याचा पदर सारखा केला, चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“काय ओ ताई, एवढी काळी हाय व्हय मी?”

यावर काय बोलणार! खोटं बोलणं बरं नव्हे, आणि खरं बोलायला रंगशास्त्र सांगावं लागलं असतं. सर तिकडून म्हणाले, “आक्का, जवळनं नका बघू. दारात जाऊन बघा.” त्या दारात गेल्या. तेवढ्यात सरांनी स्टँडवरचा फिकट पिवळा पडदा काढून त्याजागी जुनी काळपट तांबडी घोंगडी टाकली आणि मला म्हणाले, मागचं हे असं करा, चेहऱ्याला हात लावू नका. मी अंबर आणि काळा घेऊन चेहऱ्याच्या कडेपर्यंत पार्श्वभूमी दाबत गेले. केसांची मागची कड तर त्यात बुडवूनच टाकली. चेहऱ्यावर एक थेंब रंग चढला नाही, आणि तो चेहरा उजळला. कपाळ पुढं आलं.

“आता लांबनं बरी वाटतीया,” दारातून निकाल आला.

जावयाच्या मागणीला हे खरं उत्तर आहे, आणि चित्रकारांना ते कधीचंच ठाऊक होतं. पणजीला फोंतेन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंतच्या घरात आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रं कायमची मांडली आहेत. हे गोव्याचे, जन्म 1870 चा, मुंबईत जे. जे.मध्ये शिकले; लोक त्यांना पूर्वेचे रेम्ब्रां म्हणत. अशा बिरुदांचा मला एरवी कंटाळा येतो, पण इथं त्यात काही अर्थ आहे. रेम्ब्रांनं भोवतीचा काळोख वाढवून चेहऱ्यांना उजेड दिला. त्रिंदादनी तीच युक्ती इथल्या गव्हाळ, सावळ्या माणसांसाठी वापरली, आणि त्यांना उसनी गोराई द्यावी लागली नाही.

पेस्तनजी बोमनजींची गोष्ट मला त्याहून जास्त विचारात पाडते. जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करून घेत. ते काम 1885 पर्यंत चाललं, आणि त्याच वर्षी लंडनला लागलेल्या आगीत तिथं पाठवलेल्या नकलांपैकी बऱ्याच जळून गेल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी होते. पुढं ते व्हॅल प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराच्या हाताखाली तैलरंगातलं पोर्ट्रेट शिकले. प्रिन्सेप 1877 च्या दिल्ली दरबाराचं चित्र करण्यासाठी हिंदुस्थानात आला होता. म्हणजे माणसाचा चेहरा युरोपच्या पद्धतीनं रंगवायला घेण्याआधी या माणसानं गुहेच्या अंधुक उजेडात काळ्या, तांबूस, हिरवट, गव्हाळ चेहऱ्यांच्या नकला केल्या होत्या. अजिंठ्यात सावळी राणी आणि गोरी दासी शेजारी शेजारी असतात आणि कुणी कुणाहून कमी देखणं नसतं. नाकाच्या दांडीवर, खालच्या ओठावर पांढऱ्याचा एक फटकारा, की गडद चेहरा भिंतीतून बाहेर येतो. पेस्तनजींच्या हातात ते उतरलं असणार, असं मला तरी त्यांची घरगुती चित्रं बघताना वाटतं. अजिंठ्याची ती शिदोरी सोडून आपण पुन्हा फ्लेश टिंटकडं कसे गेलो कोण जाणे. थोडा दोष देवघरातल्या छापील देवादिकांचा असेल. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये घाटकोपरला छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. पण त्यांच्या मूळ तैलचित्रांतल्या कातडीत जे रंग आहेत, ते त्या स्वस्त कागदावर कुठून यायचे?

रविवर्म्यांना तर तैलरंग कुणी धड शिकवलेही नव्हते. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा चित्रकार त्रावणकोरच्या दरबारात चित्रं करायला आला. तो शिकवायला तयार नव्हता. उभं राहून बघू देईन, एवढंच. दरबारातल्या चित्रकारांनीही हे रंगाचं गुपित आपल्यापाशीच ठेवलं. वीस वर्षांचा रविवर्मा बघत राहिला. सर डेमो देतात तेव्हा मला हे हटकून आठवतं. ते बोलत नाहीत, आम्हीही बोलत नाही. ब्रश कॅनव्हासवर असतो त्याच्या दुप्पट वेळ तो पॅलेटवर असतो, आणि त्याहून जास्त वेळ हवेत. हवेतल्या त्या वेळात काय चाललंय ते कुणाला विचारता येत नाही.

बाकी अडचणी हवामानाच्या. तेलाचा रंग पाण्याच्या रंगासारखा सुकत नाही. जवसाचं तेल, ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याच जवसाचं, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातं. अंबरमध्ये मँगनीज असतं म्हणून तो लवकर धरतो. आयव्हरी ब्लॅक दिवसेंदिवस चिकट राहतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर सगळंच लांबतं, कॅनव्हासच्या पाठीला बुरशी येते, आणि उन्हाचा दिवस निघाला की माडीच्या गॅलरीत आक्का ओळीनं उभ्या दिसतात, आमच्यातल्या प्रत्येकाची वेगळी. व्हार्निश निदान सहा महिने तरी नाही. आणि एकदा लावलं की तेही वर्षानुवर्षं पिवळं होत जातं, त्यावर धूळ बसते, उदबत्तीचा धूर बसतो. परवा एका वाचनालयात गेले होते. तिथले जुने देणगीदार, गुलाबी करून घेतलेले, आता छान गहूवर्णी झाले आहेत. कमिटी म्हणत होती, चित्रं खराब झाली, साफ करून घेतली पाहिजेत.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. नाटकाच्या मध्यंतरात लोक वड्याच्या रांगेत उभे असतात, तेव्हा मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहते. एकाच माणसाचे दोन चेहरे एकाच चित्रकाराच्या हातचे शेजारी शेजारी बघायला मिळणं ही शिकणाऱ्याची चैन आहे. स्त्रीभूमिकेतल्या चेहऱ्याचा उजळपणा रंगभूषेच्या पेटीतला आहे, तो चित्रकारानं इमानदारीनं रंगवायचा. अशी उजळणी मला मंजूर आहे.

आक्कांचं डोकं आता गळ्यापर्यंत झालंय. पुढं खांदे, लुगडं आणि हात. त्या हाताविषयी मला जास्त काळजी आहे, कारण मिरच्या निवडून बोटांच्या पेरांना आलेला लालसर रापलेपणा चार रंगांत कसा बसवायचा हे अजून जुळत नाही. त्यांना मात्र हाताचं काही पडलेलं नाही. परवा जाता जाता पैसे कनवटीला लावत म्हणाल्या, “पुढच्या खेपंला नथ घालून येतो. मी कशी बी काढा, पण मोती तेवढं पांढरंफेक दिसाय पायजेत.”

मोती पांढरा नसतो, करडा असतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.